यंत्रावरचा तास

महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी टायपिंगचा क्लास बहुधा एखाद्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर असे. आत दोन रांगांत मांडलेली रेमिंग्टनची किंवा गोदरेजची यंत्रे, भिंतीवर कळफलकाचा तक्ता आणि जिन्यात पुढच्या तासाला बसणाऱ्या मुलामुलींच्या चपला. सरकारी कचेरीत लिपिक-टंकलेखक व्हायचे तर मराठीचे मिनिटाला ३० आणि इंग्रजीचे ४० शब्द या वेगाचे प्रमाणपत्र लागे. त्यासाठी कोणी टाइपरायटर विकत घेत नसे. महिन्याची फी भरली की रोजचा एक तास मिळे. यंत्र क्लासवाल्याचे, रिबन त्याची, दुरुस्तीही त्याच्याच माथी. तास भरला की रुळावरचा कागद काढून घ्यायचा आणि मागच्याला खुर्ची द्यायची.

आज हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीतला अभियंता क्लाउडवरची सरावाची लॅब उघडतो, तेव्हा त्यालाही यंत्रावरचा एक तासच मिळत असतो. यंत्र त्याचे नाही, त्याच्या कंपनीचेही नाही. ते कुठल्याशा डेटा सेंटरमध्ये त्याच्यासाठी क्षणात उभे राहते आणि वेळ संपली की मोडले जाते. या दोन तासांमधला रस्ता मात्र बराच लांब आहे. त्यावर जनगणनेची कार्डे आहेत, युद्धकाळातल्या गणितज्ञ मुली आहेत, संप आणि करार आहेत. हा रस्ता चालताना आपण तीनच प्रश्न हाताशी ठेवू: यंत्र कोणाचे, तास कोण देतो आणि त्याची किंमत कोण मोजतो.

सुरुवातीला आपण अमेरिकेत जाऊ. बंदुका बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीने १८७३ साली ख्रिस्तोफर शोल्स याच्या टाइपरायटरचे उत्पादन करण्याचा करार केला आणि पुढच्या वर्षी यंत्र बाजारात आणले. यंत्र चांगले असूनही ते चालवणारी माणसे नव्हती, म्हणून गिऱ्हाईक नव्हते. १८८१ साली न्यूयॉर्कच्या वायडब्ल्यूसीए या महिलांच्या संस्थेने मुलींसाठी टायपिंगचा वर्ग काढला. हे काम बायकांना झेपणार नाही, असे सांगणाऱ्यांची तेव्हा कमतरता नव्हती. पण शिकून निघालेल्या मुलींना नोकऱ्या मिळाल्या आणि पाहता पाहता शहरोशहरी असे वर्ग निघाले. टाइपरायटर कंपन्यांनी यातले मर्म अचूक हेरले. जिथे टंकलेखक तयार होतात तिथे यंत्र खपते. म्हणून त्यांनी यंत्र घेणाऱ्या कचेऱ्यांना शिकलेले टंकलेखक मिळवून देणारे विभागच उघडले. यंत्र विकणाऱ्यानेच ते चालवणाऱ्याची सोय पाहायची, हा व्यापारी शहाणपणा इथे रुजला.

तो पूर्णत्वाला नेला आयबीएमने. १८९० च्या अमेरिकी जनगणनेसाठी हर्मन हॉलरिथने छिद्रांच्या कार्डांवरून मोजणी करणारे यंत्र पुरवले. १८९६ साली त्याने स्वतःची कंपनी काढली, १९११ साली ती इतर कंपन्यांत विलीन झाली आणि १९२४ साली त्या एकत्रित कंपनीचे नाव आयबीएम झाले. ही कंपनी आपली यंत्रे विकत नसे, भाड्याने देत असे. त्यामुळे गिऱ्हाइकाच्या कचेरीतले यंत्र नीट चालते की नाही, याची काळजी भाडे सुरू असेपर्यंत तिलाच वाहावी लागे. १९३३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एंडिकॉट गावी कारखान्याशेजारी तिने शाळेची खास इमारत बांधली. तिच्या पायऱ्यांवर विचार करा, निरीक्षण करा, चर्चा करा, ऐका, वाचा, अशा अर्थाचे पाच शब्द कोरले होते. विक्रेते, दुरुस्ती करणारे, पुढे गिऱ्हाइकांचे लोकही इथे शिकायला येत. १९३५ साली पदवीधर तरुणींची एक तुकडी इथून तयार होऊन गिऱ्हाइकांना यंत्र वापरायला शिकवण्याच्या कामावर गेली. या वर्गांत फळा कमी आणि यंत्र जास्त असे. कार्डावरच्या ८० रकान्यांपैकी कोणता रकाना कुठल्या मोजणी-चाकाकडे जाणार, हे तारांच्या खुंट्या जोडपाटीवर स्वतःच्या हातांनी खोचून ठरवावे लागे. नोकराला पगार देऊन, कामाच्या वेळेत, मालकाच्या यंत्रावर शिकवायचे, ही रीत एंडिकॉटने घालून दिली.

पुढचे वळण युद्धाने आणले. १९४५ साली फिलाडेल्फियात एनिॲक हा इलेक्ट्रॉनिक संगणक तयार होत होता. तोफगोळ्यांच्या मार्गांची गणिते हाताने सोडवणाऱ्या मुलींमधून सहा जणींची निवड त्याच्यासाठी झाली. त्यांना आधी ॲबरडीनच्या लष्करी तळावर आयबीएमची कार्डयंत्रे शिकवली गेली. एनिॲक गोपनीय होता. त्याच्या खोलीत जाण्याची परवानगी मिळेपर्यंत त्यांच्या हाती फक्त आकृत्यांचे कागद होते. त्या कागदांवरून आणि अभियंत्यांना प्रश्न विचारून विचारून त्यांनी यंत्र समजून घेतले. संगणकशिक्षणाची पहिली तुकडी अशी यंत्रावरच्या तासावाचून घडली. १९४६ च्या उन्हाळ्यात तिथल्याच मूर स्कूलमध्ये आठ आठवड्यांची व्याख्यानमाला झाली. निमंत्रित विद्यार्थी होते २८. केंब्रिजचा मॉरिस विल्क्स जहाज न मिळाल्यामुळे शेवटचे दोनच आठवडे उरले असताना पोहोचला, तरी परतीच्या प्रवासात त्याच्या डोक्यात स्वतःच्या यंत्राचा आराखडा आकार घेऊ लागला होता. ते यंत्र, एडसॅक, ६ मे १९४९ रोजी पहिल्यांदा चालले. केंब्रिजमध्ये संशोधक आपापल्या कागदी फिती तारेवर ओळीने टांगून ठेवत आणि चालक एकेक फीत काढून यंत्राला देई. १९५० पासून तिथे बाहेरच्या लोकांसाठीही उन्हाळी वर्ग भरू लागले. शिकणारा आणि यंत्र यांच्यामध्ये आता एक रांग उभी राहिली होती.

ती रांग महागडी होती. १९५९ साली आयबीएमने १४०१ हा लोकप्रिय संगणक आणला. त्याचे भाडे महिन्याला अडीच हजार डॉलरपासून सुरू होई. अशा यंत्राचा तास शिकाऊ माणसाच्या चुकांवर खर्चायला कोण धजेल? म्हणून आधी आयबीएमची अभियोग्यता चाचणी, मग वर्ग, मग कागदावरचा सराव आणि शेवटी यंत्र, असा क्रम बसला. एक सवलत मात्र होती. गिऱ्हाइकाच्या माणसांना शिकवण्याचा खर्च भाड्यातच धरलेला असे. २३ जून १९६९ रोजी ती सवलत संपुष्टात आली. अमेरिकेत मक्तेदारीविरोधी कारवाईचे सावट असताना आयबीएमने यंत्राची किंमत वेगळी आणि सॉफ्टवेअर, तांत्रिक साहाय्य व शिक्षण यांची वेगळी लावण्याचे जाहीर केले. सॉफ्टवेअर उद्योगाच्या इतिहासात ही तारीख अनेकदा सांगितली जाते. आपल्या मागोव्यातही तिला मान आहे, कारण कर्मचाऱ्याचे प्रशिक्षण ही स्वतंत्र दर असलेली, विकता येण्याजोगी वस्तू झाली ती तेव्हापासून.

आता आपण भारतात येऊ. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५-५६ च्या सुमारास इंग्लंडहून एचईसी-२एम हे यंत्र आले. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने टिफ्रॅक हा देशी संगणक बांधला, तो १९६० साली कामाला लागला. १९६१ साली मुंबईतच एस्सो या तेल कंपनीने आयबीएम १४०१ बसवला आणि व्यापारी कचेरीत संगणक आला. १९६३ साली कानपूरच्या आयआयटीत आयबीएम १६२० पोहोचला आणि व्ही. राजारामन यांच्यासारख्या अध्यापकांनी बाहेरच्या अभियंत्यांसाठी आणि शास्त्रज्ञांसाठी थोड्या दिवसांचे सघन वर्ग सुरू केले. १९६४ साली टाटा संस्थेत त्या काळच्या मानाने बलाढ्य असा सीडीसी ३६०० आला आणि बाहेरच्या संस्थाही आपली गणिते घेऊन कुलाब्याला येऊ लागल्या.

त्या पिढीचा यंत्रावरचा तास कसा असे, ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. प्रोग्रॅम आधी चौकटींच्या कागदावर लिहायचा. तो पंच ऑपरेटरकडे द्यायचा. एका ओळीला एक कार्ड या हिशेबाने गठ्ठा तयार झाला की तो खिडकीतून आत सरकवायचा. हाती यायचा तो घडीघडीचा रुंद कागद, बहुधा दुसऱ्या दिवशी. त्यावर कळे की सतराव्या कार्डावर स्वल्पविराम राहिला आहे. एक कार्ड बदलायचे, गठ्ठा पुन्हा खिडकीत. गठ्ठा हातातून निसटला तर क्रम लावण्यातच दुपार जाई, म्हणून जाणती मंडळी कार्डांच्या कडेवर पेनाने तिरकी रेघ ओढून ठेवत. शिकणाऱ्याच्या वाट्याला यंत्राची जेमतेम काही मिनिटे येत आणि तीही त्याच्या डोळ्यांआड. याचा एक फायदा झाला. यंत्राला काही देण्याआधी कागदावर दहादा तपासून पाहण्याची शिस्त त्या पिढीच्या अंगी मुरली.

कचेऱ्यांमध्ये मात्र शिकण्याआधी यंत्र येऊ द्यावे की नाही, यावरच झगडा होता. आयुर्विमा महामंडळाच्या संगणकांना १९६० च्या दशकात मुंबई-कलकत्त्यातल्या कर्मचारी संघटनांनी कडवा विरोध केला. स्वयंचलनाचा प्रश्न तपासण्यासाठी केंद्र सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर. १९७२ च्या तिच्या अहवालाचा सूर सावधगिरीचा होता. भारतीय कचेरीतल्या माणसाला यंत्रावरचा तास मिळायला यानंतरही बरीच वर्षे जायची होती.

तिकडे परदेशात मात्र रांग मोडण्याचा विचार पक्का झाला होता. १९६१ साली एमआयटीच्या शताब्दी समारंभात जॉन मॅकार्थी याने भाकीत केले, की टेलिफोनसारखीच गणनशक्ती एक दिवस सार्वजनिक सेवा म्हणून मिळू लागेल. त्याच वर्षी तिथे फर्नांडो कॉर्बाटोच्या गटाने एकाच यंत्राचा वेळ अनेकांत वाटणारी प्रणाली चालवून दाखवली. १ मे १९६४ च्या पहाटे डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ यांची बेसिक भाषा अशाच वाटून घेतलेल्या यंत्रावर पहिल्यांदा चालली. लवकरच जनरल इलेक्ट्रिक कंपनी टेलिफोनच्या तारेवरून यंत्राचा वेळ विकू लागली. इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झरने १९६० साली सुरू केलेली प्लेटो ही तर खास शिकवण्यासाठीच बांधलेली प्रणाली होती. १९७२ पर्यंत तिला प्लाझ्माचा, बोटाने स्पर्श करता येणारा पडदा लाभला होता, आणि कंट्रोल डेटा कंपनीने ती पुढे कंपन्यांच्या प्रशिक्षणासाठी बाजारात आणली. १९६७ च्या सुमारास आयबीएमच्या केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथल्या गटाने आणखी एक किमया केली. एकाच यंत्राच्या पोटात अनेक आभासी यंत्रे उभी करून प्रत्येकाला आपल्याकडे स्वतंत्र यंत्र असल्याचा अनुभव दिला. १९७२ साली ही युक्ती व्हीएम/३७० या नावाने सर्वांसाठी खुली झाली. आजच्या क्लाउड लॅबला लागणारे जवळजवळ सगळे साहित्य, म्हणजे दूरचे यंत्र, वाटून घेतलेला वेळ, आभासी यंत्र आणि पडद्यावरचा शिक्षक, पन्नास वर्षांपूर्वीच तयार होते. अडले होते ते किमतीपाशी.

भारतात त्या सुमारास प्रशिक्षणाचा मक्ता हळूहळू हात बदलत होता. १९६८ साली मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस, म्हणजे टीसीएस, सुरू झाली, पुढच्या वर्षी फकीरचंद कोहली तिथे आले. १९७४ साली कंपनीने बरोज कंपनीचे यंत्र आयात केले आणि त्याच्या आधारावर परदेशी कामांसाठी माणसे तयार करायला घेतली. १९७८ साली आयबीएमने भारतातला गाशा गुंडाळला, तेव्हा तिच्या यंत्रांच्या देखभालीची जबाबदारी सीएमसी या सरकारी कंपनीवर आली. यंत्रवाल्याची शाळा बंद झाल्यावर ती जागा भरणारे पुढे येणारच होते. १९८१ साली दिल्लीत एनआयआयटी निघाली, १९८६ साली मुंबईत ॲप्टेक. एनआयआयटीच्या वेळापत्रकात वर्गाचा तास वेगळा आणि मशीन रूमचा तास वेगळा असे. ‘आज एमआर आहे’ हे वाक्य त्या काळच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी सर्रास होते. टायपिंगच्या क्लासचाच हा वातानुकूलित वंशज, आणि इथेही चपला बाहेर काढाव्या लागत. सप्टेंबर १९८३ मध्ये बँकांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला, त्यानंतर रंगराजन समितीने बँकांच्या संगणकीकरणाचा आराखडा दिला. जाडजूड खातेवह्या सांभाळणारे कारकून लेजर पोस्टिंगच्या यंत्रासमोर बसले. त्यांची फी बँकेने भरली आणि वर्ग कामाच्या वेळेत झाले. १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि काही वर्षांत तिथली पदव्युत्तर पदविका नोकरीच्या बाजारात वजनदार ठरली.

१९९० नंतर यंत्र स्वस्त झाले, पण शिकायची गोष्ट एका यंत्रात मावेनाशी झाली. सर्व्हर, राउटर, स्विच, त्यांच्या तारा, असे अख्खे जाळे सरावाला हवे. याच काळात प्रमाणपत्रांचे युग अवतरले. मायक्रोसॉफ्टने १९९२ साली आपली प्रमाणपत्रे सुरू केली. सिस्कोची सीसीआयई ही १९९३ ची परीक्षा मुळात दोन दिवसांची होती. उमेदवाराने जाळे उभारायचे, मग परीक्षक त्याच्या पाठीमागे त्यात मुद्दाम दोष घुसवणार आणि ते शोधून काढायचे. १९९९ साली आलेल्या रेड हॅटच्या परीक्षेतही चालत्या यंत्रावर हात चालवूनच उत्तीर्ण व्हावे लागे. एवढी सामग्री घरात कुठून आणायची? त्यातून एक विस्मरणात गेलेला धंदा जन्माला आला, तो म्हणजे रॅक भाड्याने देण्याचा. परदेशातल्या कोणी राउटरांनी भरलेला रॅक इंटरनेटला जोडून ठेवायचा आणि इकडच्या उमेदवाराने ठरावीक तासांसाठी तो आरक्षित करून रात्री जागून सराव करायचा. क्लाउड लॅबचे थेट पूर्वज शोधायचे, तर ते या रॅकवाल्यांमध्ये सापडतील.

कंपन्यांच्या प्रशिक्षण खोल्यांमध्ये त्याच सुमाराला वेगळीच धावपळ असे. एक बॅच संपताना पंचवीस डेस्कटॉपांची दशा पाहण्यासारखी व्हायची. कोणी डेटाबेस अर्धवट बसवलेला, कोणी पासवर्ड बदलून विसरलेला, कोणी फाइलच उडवलेली. संध्याकाळी लॅब सांभाळणारा माणूस घोस्ट नावाच्या साधनाने मूळ प्रतिमा एकेका यंत्रावर पुन्हा उतरवत बसे. सोमवारी नऊ वाजता सगळी यंत्रे सारखी दिसली पाहिजेत, असा दंडक होता. १९९९ साली व्हीएमवेअरचे सॉफ्टवेअर आले आणि आयबीएमची ती जुनी युक्ती साध्या डेस्कटॉपवर उतरली. यंत्राचा ‘स्नॅपशॉट’ घ्यायचा, हवे ते प्रयोग करायचे, बिघडले तर मागे जायचे. शिकाऊ माणसाला निर्धास्त चुकता येऊ लागले, ही या शतकभराच्या प्रवासातली मोठीच मोकळीक होती.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी भारतीय कंपन्यांनी एंडिकॉटची रीत भव्य प्रमाणावर पुन्हा उभी केली. इन्फोसिस ही १९८१ साली पुण्यात नोंदवलेली कंपनी. तिने म्हैसूरला निवासी शिक्षणसंकुल उभारले. टीसीएसच्या नव्या भरतीचा प्राथमिक शिक्षणक्रम तिरुवनंतपुरमला भरू लागला. फ्रेशर म्हणून लागलेला मुलगा किंवा मुलगी कित्येक आठवडे पगार घेऊन फक्त शिकत असे. महाराष्ट्रात २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झाले आणि एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरतेच्या अभ्यासक्रमाची केंद्रे गावोगाव पसरली. सरकारी नोकरीसाठी हे प्रमाणपत्र आवश्यक ठरल्यावर चाळिशी-पन्नाशी गाठलेले शिक्षक, तलाठी आणि ग्रामसेवक आपल्या मुलांच्या वयाच्या प्रशिक्षकासमोर माउस धरायला शिकले. जिथे आधी टायपिंगचा क्लास होता, त्याच जागी अनेक ठिकाणी हे केंद्र आले.

आणि मग २५ ऑगस्ट २००६. ॲमेझॉनने ईसीटू ही सेवा चाचणी स्वरूपात खुली केली. तिची जुळणी मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनमध्ये बसलेल्या एका छोट्या गटाने केली होती. लहानशा आभासी यंत्राचे भाडे होते तासाला १० सेंट, त्या वेळच्या दराने सुमारे साडेचार रुपये. मॅकार्थीच्या भाकितानंतर ४५ वर्षांनी यंत्रावरच्या तासाचा दर चहाच्या कपाजवळ आला. २०१० च्या अखेरीस नव्या ग्राहकांना सर्वांत लहान यंत्राचे महिन्याला ७५० तास वर्षभर फुकट मिळू लागले. एकतीस दिवसांच्या महिन्यात तास असतात ७४४, म्हणजे एक यंत्र अहोरात्र चालू ठेवले तरी सहा तास उरावेत! २०१३ साली ॲमेझॉनने या सेवेची प्रमाणपत्रे सुरू केली. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई आणि चेन्नईला आपली क्लाउड केंद्रे उघडली, २०१६ साली ॲमेझॉन मुंबईत आले, २०१७ साली गूगल. दूरचे यंत्र आता आपल्याच राज्यात होते, फक्त दिसत नव्हते.

आता या नव्या तासाच्या जवळ जाऊ. क्विकलॅब्ज ही २०१२ साली निघालेली कंपनी २०१६ साली गूगलने घेतली. तिच्या पानावर एका बाजूला धडा आणि दुसऱ्या बाजूला ‘स्टार्ट लॅब’चे बटण असते. ते दाबले की एक तात्पुरते खाते तयार होते. नाव ‘स्टुडंट’ आणि पुढे आकडे-अक्षरांची माळ. घड्याळ उलटे मोजू लागते. खरा सर्व्हर उभा करायचा, खरा डेटाबेस जोडायचा, प्रगती तपासण्याचे बटण दाबायचे. यंत्रच जाऊन पाहते की काम झाले का आणि गुण देते. वेळ संपली की खाते, सर्व्हर, डेटाबेस सगळे पुसले जाते. घोस्ट घेऊन बसणारा तो माणूस, रॅकवाला, सीसीआयईचा परीक्षक आणि मशीन रूमचा पर्यवेक्षक, सगळ्यांची कामे या एका पानात सामावली आहेत.

ज्या गोष्टींचा सराव पूर्वी करताच येत नसे, त्याही आता वर्गात आल्या. ॲमेझॉनमध्ये जेसी रॉबिन्स या अग्निशमनाचे प्रशिक्षण घेतलेल्या अभियंत्याने ‘गेमडे’ची प्रथा पाडली होती. चालू यंत्रणा मुद्दाम पाडायची आणि माणसे ती कशी सावरतात ते पाहायचे. क्लाउडवर अशी आग तासाभरासाठी लावता येते आणि विझवताही येते. हजार ग्राहकांचा भार, एका शहरातले डेटा सेंटर बंद पडणे, चोरीला गेलेली किल्ली, यांची तालीम दहा जणांची कंपनीही करू शकते. सोबत नव्या चुकाही आल्या. शुक्रवारी सरावासाठी सुरू केलेले मोठे यंत्र बंद करायचे राहिले, तर सोमवारपर्यंत बिल फुगते. म्हणून कंपन्या सरावाची खाती कामाच्या खात्यांपासून वेगळी ठेवतात, खर्चाला मर्यादा घालतात आणि ठरल्या वेळी सगळे आपोआप मोडण्याची व्यवस्था करतात. यंत्र वापरायला शिकताना त्याचे भाडे वाचायला शिकणे, हा प्रशिक्षणाचा नवा भाग झाला आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि प्रशिक्षणाच्या खोल्या एका दिवसात रिकाम्या झाल्या. म्हैसूरला जायच्या तयारीत असलेली मुले आपापल्या घरून शिकू लागली. हे शक्य झाले, कारण लॅब आधीच खोलीबाहेर पडली होती. त्याच वर्षी केंद्र सरकारने मिशन कर्मयोगीला मंजुरी दिली आणि सरकारी नोकरांचे प्रशिक्षणही मोठ्या प्रमाणावर ऑनलाइन मंचाकडे वळले. क्लाउड विकणाऱ्यांच्या शाळा तोवर बहरल्या होत्या. सेल्सफोर्सची ट्रेलहेड २०१४ ची, मायक्रोसॉफ्ट लर्न २०१८ चे. ॲमेझॉनने डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केले, की २०२५ पर्यंत जगभरातल्या २ कोटी ९० लाख लोकांना क्लाउडचे शिक्षण मोफत देऊ. रेमिंग्टनचा आणि आयबीएमचा व्यापारी शहाणपणा एक वळसा घेऊन पुन्हा मूळ जागी आला आहे. १९६९ साली यंत्रापासून वेगळे काढलेले शिक्षण पुन्हा यंत्राच्या भाड्यात मिसळले आहे. जो ज्याच्या यंत्रावर शिकतो तो त्याच्याच यंत्राची शिफारस करतो, हे तेव्हाही खरे होते. फरक इतकाच, की टंकलेखनाचे प्रमाणपत्र आयुष्यभर चाले. ॲमेझॉनच्या प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षे असते आणि मायक्रोसॉफ्टची बरीचशी प्रमाणपत्रे दर वर्षी नवी करावी लागतात.

आता हाताशी ठेवलेल्या तीन प्रश्नांची उत्तरे जुळवून पाहू. यंत्र पुन्हा विक्रेत्याचे आहे. तास तोच देतो, आणि त्याचा दर इतका खाली आला आहे की त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. उरतो किमतीचा प्रश्न. या सगळ्या इतिहासात यंत्राचा वेळ महाग होता आणि माणसाचा स्वस्त. म्हणूनच माणूस खिडकीपाशी थांबे, जिन्यात थांबे, गठ्ठा घेऊन दुसऱ्या दिवशीची वाट पाही. पण याच महागाईमुळे शिकण्याची वेळ मालकाला पाळावी लागे. एंडिकॉटचा वर्ग पगारी होता, बँकेच्या कारकुनाचाही, म्हैसूरचाही. खोली आरक्षित झाली, यंत्रे लागली, की त्या आठवड्यात कर्मचाऱ्याला दुसरे काम सांगता येत नसे. क्लाउडने यंत्र चोवीस तास मोकळे केले आणि ते संरक्षण अलगद गळून पडले. लॅब केव्हाही उघडता येते, म्हणून ती रात्री जेवणानंतर उघडली जाते, शनिवार-रविवारी उघडली जाते, आणि वार्षिक मूल्यमापनात ‘पूर्ण’ की ‘अपूर्ण’ एवढेच पाहिले जाते. शतकाहून अधिक काळ आपण यंत्रावरचा तास स्वस्त करण्यात घालवला. कामाच्या जागेवर आज दुर्मीळ झाला आहे तो माणसाचा तास. कामाच्या वेळेतून काढलेला, पगारी, कोणी हाक न मारणारा तास. क्लाउडच्या बिलात त्याची ओळ नसते. ती प्रत्येक मालकाला आपल्या अंदाजपत्रकात स्वतःच्या हाताने लिहावी लागेल, आणि कर्मचाऱ्यांनाही, १९८३ च्या बँकवाल्यांप्रमाणे, ती करारात मागून घ्यावी लागेल.